संस्थांसाठी, संस्थेत राबणाऱ्यांसाठी धोरण बदलायचंय? नाशिकहून पाठपुरावा कसा करायचा

नाशिकमध्ये सामाजिक संस्थांची बैठक कुठेही भरली, शरणपूर रोडवरच्या सभागृहात नाहीतर सुरगाण्याकडच्या एखाद्या शाळेच्या ओसरीवर, चहा येईपर्यंत बोलणं एकाच ठिकाणी पोचतं: "सरकारने आपल्यासारख्यांचा विचारच केलेला नाही." तक्रार खोटी नसते. अनुदान मार्चअखेरीला येतं, विश्वस्त बदलाचा अर्ज पडून राहतो, आणि हिशेब सांभाळणारी बाई दहा-दहा वर्षं काम करून पीएफशिवाय घरी जाते. मग कोणीतरी डझनभर मागण्यांचं निवेदन लिहितं. ते मुख्यमंत्र्यांच्या नावे दिलं जातं, फोटो निघतो, पेपरात दोन कॉलम बातमी येते. पुढे काहीही होत नाही.

हा लेख त्या फोटोच्या पुढच्या कामासाठी आहे. संस्थेत नव्याने आलेले कार्यकर्ते, ऑफिस बघणारे, छोट्या संस्थांचे सचिव आणि स्वतःच्या पगाराबद्दल बोलायला कचरणारे कर्मचारी यांच्यासाठी. माझं म्हणणं थोडक्यात असं: मागणी कितीही रास्त असो, ती ज्या टेबलावर सुटू शकते त्याच टेबलावर गेली तरच हलते. म्हणून आधी टेबल शोधा, बाकीचं नंतर.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा आणि तो कुठे सुटतो ते शोधा

कागद घ्या आणि तुमची अडचण एकाच वाक्यात लिहा. "संस्थांना न्याय मिळावा" हे चालणार नाही. "आमच्या वसतिगृहातल्या स्वयंपाकिणीचं मानधन सहा-सहा महिने मिळत नाही" हे चालेल. वाक्य जमलं की विचारा: हे बदलायला काय बदलावं लागेल? संसदेचा कायदा, राज्याचा कायदा, नियम, शासन निर्णय, परिपत्रक, की नुसती एखाद्या कार्यालयाची सवय?

संसदेच्या कायद्यातले प्रश्न सर्वांत लांबचे. परदेशी देणग्यांचा एफसीआरए कायदा २०१० चा. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला परदेशी निधी देण्यावर पूर्ण बंदी घातली. मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थेकडून थोडा निधी घेऊन पेठ-त्र्यंबकमध्ये काम करणाऱ्या लहान संस्थांना याचा थेट फटका बसला. हा प्रश्न कलेक्टर कचेरीत मांडून उपयोग नाही. तो खासदारांकडून, गृह मंत्रालयाकडे.

आयकराचंही तसंच. २०२१ पासून संस्थेच्या करमाफीसाठीच्या, म्हणजे १२एबीच्या, नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करणं आलं. संस्थांनी ओरड केली, निवेदनं गेली, आणि २०२५ च्या वित्त कायद्याने आधीच्या दोन्ही वर्षांत पाच कोटींच्या आत उत्पन्न असलेल्या संस्थांना ही मुदत दहा वर्षांची केली. देणगीदाराला करसवलत मिळवून देणाऱ्या ८०जी ला मात्र त्या दुरुस्तीत हात लागला नाही. मागणी किती नेमकी असावी लागते, ते यातून कळतं: ज्या कलमाबद्दल बोललात तेच बदलतं, शेजारचं कलम आपोआप बदलत नाही.

राज्याच्या कायद्यांत आपल्याला सर्वांत जवळचा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०. यातही दोन वेगळ्या गोष्टी असतात. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज, म्हणजे आपण ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतो तो, द्यायचा ही कलम २२ ची अट. ती बदलायची तर विधिमंडळ हवं. पण २०१७ च्या दुरुस्तीने विश्वस्तांच्या बदलाला आधी तात्पुरती मान्यता देऊन हरकती मागवायची सोय कायद्यातच आणली आहे. ती सोय असूनही अर्ज पडून असेल तर तुम्हाला कायदा बदलायचा नाहीये, आहे तो राबवून घ्यायचा आहे. मग आमदाराकडे कशाला जाता? सह धर्मादाय आयुक्त नाशिकमध्येच बसतात. तिथे दाद लागली नाही तर मुंबईत धर्मादाय आयुक्त, आणि त्यांच्यावर विधी व न्याय विभाग.

शासन निर्णयातले प्रश्न आपल्या आवाक्यातले असतात. अनुदानाचे दर, मानधन, हप्ते, निकष हे सगळं जीआरने ठरतं आणि जीआरनेच बदलतं. सार्वजनिक ग्रंथालयांचं उदाहरण घ्या. ती बहुतेक सगळी नोंदणीकृत संस्थाच चालवतात; आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. या ग्रंथालयांतले कर्मचारी वर्षानुवर्षं तुटपुंज्या पगारावर आहेत. दहा वर्षं अनुदान जागच्या जागी राहिल्यावर २०२२ मध्ये ६० टक्के वाढ मिळाली. वेतनश्रेणीची मूळ मागणी तशीच राहिली, पण वाढ मिळाली ती संघटनेने एकाच विभागाच्या मागे लागून.

आणि शेवटचा प्रकार, कार्यालयाची सवय. "आमच्याकडे असंच करतात" एवढंच उत्तर मिळत असेल तर नम्रपणे विचारा, "साहेब, याचं परिपत्रक मिळेल का?" निम्म्या वेळा परिपत्रक नसतं. तिथे प्रश्न तिथल्या तिथे सुटतो.

एक सापळा इथेच सांगून ठेवतो. सारख्या नावांची कार्यालयं. स्वयंसेवी संस्थांची अनुदानित वसतिगृहं जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण अधिकाऱ्याकडे असतात. शासकीय वसतिगृहं सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्याकडे. निवेदन चुकीच्या दाराने गेलं तर ते परतही येत नाही. तसंच दिव्यांगांच्या विशेष शाळा पूर्वी सामाजिक न्याय विभागाखाली होत्या. डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. जुन्या निवेदनाची नक्कल मारताना वरचा पत्ता तोच राहतो आणि कागद फिरत बसतो.

२. कर्मचाऱ्यांचा प्रश्न वेगळा मांडा

संस्थांच्या मागण्यांत कर्मचारी बहुधा शेवटच्या ओळीत येतात, कधीकधी येतच नाहीत. कारण निवेदनावर सह्या विश्वस्तांच्या असतात. पण संस्थेचं हित आणि कर्मचाऱ्याचं हित दरवेळी एकच नसतं, हे स्वच्छ मान्य करून पुढे गेलेलं बरं.

आधी कायदा समजून घ्या. १९७८ मध्ये बंगळूर वॉटर सप्लाय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'उद्योग' या शब्दाचा अर्थ एवढा व्यापक लावला की धर्मादाय संस्थाही त्यात येऊ शकत होत्या. त्यामुळे नोकरीवरून काढलेल्या कर्मचाऱ्याला कामगार न्यायालयाचं दार उघडं होतं. औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये मात्र पूर्णतः किंवा मुख्यतः धर्मादाय, सामाजिक किंवा परोपकारी सेवा करणाऱ्या संघटनांच्या संस्था 'उद्योगा'च्या व्याख्येतून वगळल्या आहेत. चारही श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. म्हणजे संस्थेतल्या माणसाने दाद मागायची कुठे, हा आता खराखुरा धोरणाचा प्रश्न आहे, आणि त्यावर आपल्याकडे फारच थोडे लोक बोलतात. माझ्या मते पुढच्या काही वर्षांत संस्थांच्या कर्मचाऱ्यांनी लावून धरावी अशी ही पहिली मागणी: अनुदान देताना संस्थेच्या लेखी सेवाशर्ती आणि तक्रार ऐकण्याची व्यवस्था असणं शासनाने बंधनकारक करावं.

पण या वगळण्याचा अर्थ संस्थांना कुठलाच कामगार कायदा लागू नाही, असा कोणी लावत असेल तर तो साफ चूक आहे. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर भविष्यनिर्वाह निधी. दहा किंवा जास्त असतील तर ग्रॅच्युइटी, आणि ठरावीक पगारापर्यंत ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तर लैंगिक छळ प्रतिबंधाची अंतर्गत समिती. २०१३ च्या त्या कायद्यात न्यास आणि स्वयंसेवी संस्था नाव घेऊन आल्या आहेत. पगाराला व्हाउचरवर मानधन म्हणून लिहिलं की पीएफ टळतो, हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की तो सल्ला म्हणून एकमेकांना दिला जातो. देऊ नका. महिनोन्‌महिने ठरलेल्या वेळेत, तुमच्या सूचनेने काम करणारा माणूस हा कर्मचारीच आहे, व्हाउचरवर काहीही लिहिलेलं असो.

मोर्चा फक्त सरकारकडेच न्यायचा असंही नाही. सातपूर, अंबड, सिन्नरच्या कंपन्या सीएसआरचा, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचा, पैसा देतात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे पात्र कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के खर्च करावे लागतात. त्यांचे अधिकारी प्रस्ताव वाचताना सांगतात, "पाच टक्क्यांच्या वर ॲडमिन चालत नाही." ही पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासनावर आहे. प्रकल्प प्रत्यक्ष राबवायला, त्याच्या देखरेखीला लागणाऱ्या खर्चाला ती लागत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकातल्या प्रश्नोत्तरांत ते सांगितलेलं आहे. त्याची छापील प्रत बैठकीला न्या. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात मालकाच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी वेगळ्या ओळीत दाखवा. एका कंपनीने ती ओळ मान्य केली की पुढच्या कंपनीला सांगायला उदाहरण मिळतं.

३. घर आवरून घ्या

कोणतंही कार्यालय तुमची मागणी वाचण्याआधी सही कोणाची आहे ते बघतं. परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर, म्हणजे शेड्यूल वनवर, जुन्या अध्यक्षांचं नाव आणि निवेदनावर नव्यांची सही, एवढ्या कारणावरून कागद बाजूला पडतो. निघण्याआधी हे जवळ असू द्या:

– शेड्यूल वनचा ताजा उतारा आणि प्रलंबित बदल अर्ज असेल तर त्याची पोच
– संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि विश्वस्त व्यवस्था कायदा, दोन्हींची प्रमाणपत्रं (किंवा कलम ८ च्या, म्हणजे ना-नफा, कंपनीचं)
– मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, धर्मादाय कार्यालयात दाखल केल्याच्या पोचीसह
– १२एबी आणि ८०जी चे आदेश, दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलचा क्रमांक
– कार्यकारिणीचा ठराव: अमुक मागणीसाठी पाठपुरावा करायचा आणि सही अमुक व्यक्तीने करायची
– पीएफ, ईएसआय लागू असेल तर त्याची चलनं

शेवटची ओळ जाणूनबुजून घातली आहे. कर्मचाऱ्यांसाठी मागणी घेऊन गेलात आणि समोरच्याने "तुमच्याकडे पीएफ भरता का?" विचारलं तर उत्तर हातात हवं.

"संस्थेने असं काही मागायला गेलं तर नोंदणी जाईल का?" ही भीती खूप ठिकाणी असते. निवेदन देणं, माहिती मागणं, आमदारांना भेटणं हा नागरिकांचा साधा हक्क आहे. सांभाळायचं ते इतकंच: पक्षाचा प्रचार नको, निवडणुकीच्या काळात उमेदवाराच्या मंचावर संस्थेचा बॅनर नको, सीएसआरचा किंवा परदेशी पैसा यावर खर्च नको. परदेशी निधीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये इन्साफ संघटनेच्या खटल्यात सांगितलं, की राजकीय उद्दिष्ट नसलेल्या संस्थेने लोकांच्या प्रश्नासाठी बंद, मोर्चासारख्या सनदशीर मार्गांना पाठिंबा दिला म्हणून तिला राजकीय ठरवता येणार नाही. तरीही एफसीआरए असलेल्या संस्थेने या कामाचा खर्च स्थानिक देणगीतूनच करावा आणि तसं हिशेबात दाखवावं.

४. माहिती अधिकारात आकडा मिळवा

तुमच्या म्हणण्यामागे एक तरी आकडा सरकारी कागदावरचा हवा. महाराष्ट्रात 'जोडपत्र अ'च्या नमुन्यात अर्ज करायचा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे तीस दिवसांत पहिलं अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प. त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरं.

सगळी मेख प्रश्न विचारण्यात आहे. "मानधन उशिरा का दिले जाते?" असं विचारलंत तर उत्तर येईल: "प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही." अधिकारी चुकीचं सांगत नसतो, या कायद्याने फक्त असलेली नोंद मिळते, कारण मिळत नाही. त्याऐवजी असं लिहा:

"सन अमुक-अमुक या आर्थिक वर्षात जिल्ह्यातील अनुदानित वसतिगृहांच्या कर्मचारी मानधनासाठी प्राप्त निधी, निधी प्राप्त झाल्याचा दिनांक आणि संस्थांच्या खात्यात वर्ग केल्याचा दिनांक दर्शविणाऱ्या नोंदींच्या प्रती मिळाव्यात."

दोन तारखांच्या मधलं अंतर हीच तुमची मागणी. निधी मंत्रालयातून उशिरा येतो की जिल्ह्यात येऊन बसतो, हे त्यातूनच कळतं, आणि पुढचं निवेदन कोणाच्या नावे लिहायचं तेही.

पगाराची माहिती मात्र आपल्यालाच गोळा करावी लागते. कर्मचाऱ्यांकडून नाव न घेता एका पानाचा तक्ता भरून घ्या: पद, वर्षं, हातात पडणारी रक्कम, पीएफ आहे का, नेमणूकपत्र आहे का. तक्ता संस्थेच्या प्रमुखाकरवी भरून घेऊ नका. प्रत्येक जण "सगळं ठीक" लिहितो.

५. चार संस्था जोडा, पण याद्या फुगवू नका

लेटरहेडवर दोनशे संस्थांची नावं आणि फोन केला तर निम्म्यांना विषयच माहीत नाही, असं चित्र अधिकाऱ्यांनी भरपूर पाहिलेलं असतं. त्यापेक्षा थोड्या, पण वेगवेगळ्या भागातल्या संस्था घ्या: शहरातली एक, मालेगाव-सटाण्याकडची एक, इगतपुरी किंवा सुरगाण्याची एक. जिल्ह्यात पंधरा विधानसभा मतदारसंघ आहेत. संस्था जितक्या मतदारसंघांत पसरलेल्या तितके आमदार तुमचं म्हणणं 'आपल्या भागातलं' मानतात. खासदारांकडे जाताना लक्षात ठेवा, मालेगाव आणि बागलाण धुळे लोकसभेत येतात, नांदगाव-येवला दिंडोरीत.

समितीत दोन-तीन कर्मचारी घ्या, आणि त्यांना बोलू द्या.

६. निवेदन एका पानाचं

स्वीय सहायक निवेदनाचा विषय आणि शेवटचा परिच्छेद वाचतात. मधलं साहेब वाचतील तेव्हा वाचतील. साधारण असं लिहा:

"प्रति, मा. जिल्हा समाजकल्याण अधिकारी, जिल्हा परिषद, नाशिक.
विषय : अनुदानित वसतिगृहांतील कर्मचाऱ्यांचे मानधन दरमहा मिळणेबाबत.
संदर्भ : १) मानधनाबाबतचा शासन निर्णय (क्रमांक व दिनांक) २) माहिती अधिकारात प्राप्त आपले पत्र (क्रमांक व दिनांक).
महोदय, संदर्भ २ नुसार मागील आर्थिक वर्षातील निधी आपल्या कार्यालयास प्राप्त झाल्यानंतर संस्थांच्या खात्यात वर्ग होण्यास लागलेला कालावधी सोबतच्या तक्त्यात दर्शविला आहे. या काळात अधीक्षक, स्वयंपाकी, मदतनीस व पहारेकरी यांना मानधन मिळालेले नाही. तरी विनंती की, निधी प्राप्त झाल्यापासून पंधरा दिवसांत तो वर्ग करण्याबाबत आपल्या स्तरावरून लेखी सूचना निर्गमित व्हाव्यात."

मागणी एक, तीही त्यांच्या अधिकारातली. "आपल्या स्तरावरून" हे शब्द ठेवाच. नाहीतर कागद वरिष्ठांकडे 'मार्गदर्शनासाठी' जातो आणि मार्गदर्शन येत नाही.

दोन प्रती न्या. आवक शाखेत एक द्या, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. क्रमांक हाताने लिहितात, तो वाचता येतो का ते तिथेच बघा. साहेबांच्या हातात दिलेलं आणि आवकला न नोंदवलेलं निवेदन दिलंच नव्हतं असं समजा.

७. वेळ साधा

सीबीएसजवळच्या जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तालुक्याला तिसऱ्या सोमवारी. बरेच जण धोरणाच्या मागण्या तिथे घेऊन जातात. लोकशाही दिन हा वैयक्तिक तक्रारींसाठी आहे. न्यायप्रविष्ट, सेवाविषयक, आस्थापनाविषयक बाबी घेतच नाहीत, आणि अर्जही विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यायचा असतो.

पैशाची मागणी असेल तर कॅलेंडर उलटं मोजा. राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला जातो. विभागांचे प्रस्ताव त्याआधी कित्येक महिने तयार होतात, त्यामुळे दिवाळीच्या आसपास तुमचा कागद विभागात असायला हवा. फेब्रुवारीत दिलेली मागणी पुढच्या वर्षाची झाली. जिल्हा नियोजन समितीतून काही हवं असेल तर डिसेंबर-जानेवारीच्या आत. समितीचे अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य सचिव जिल्हाधिकारी.

आमदारांकडे अधिवेशनाच्या आठवड्यात जाऊ नका. तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे प्रश्न, अधिवेशन सुरू होण्याच्या बराच आधी द्यावे लागतात. त्यांना प्रश्न तयार करूनच द्या: "हे खरे आहे काय की...", "असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?" याच साच्यात. लक्षवेधी सूचना अधिवेशनाच्या काळात देता येते, पण लागेलच याची खात्री नसते. फारसं कोणी वापरत नाही असा एक रस्ता म्हणजे विधिमंडळाची विनंती अर्ज समिती. आणि विधान परिषदेला विसरू नका: नाशिक विभागाचा पदवीधर मतदारसंघ आहे, शिक्षक मतदारसंघ आहे. संस्थांमधले बरेच कर्मचारी पदवीधर असतात आणि मतदार नोंदणीच केलेली नसते.

सध्या २०२७ च्या सिंहस्थाच्या कामात जिल्ह्याचे अधिकारी अडकलेले असतात. भेटीची वेळ मिळेल, पण ऐनवेळी साहेब तपोवनात पाहणीला गेलेले असतील. त्याआधी खालच्या लिपिकाशी आणि अधीक्षकांशी बोलून ठेवा. आदिवासी भागातल्या संस्थांना एक सोय आहे, आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. त्या विभागाच्या कामासाठी पहिल्याच फेरीला मुंबई गाठायची गरज नाही.

मंत्रालयात जायचंच असेल तर सामान्य अभ्यागतांना दुपारनंतर आत सोडतात. पंचवटी एक्सप्रेसने निघालात तर मध्ये भरपूर वेळ मिळतो. तेवढ्यात कोणत्या कक्ष अधिकाऱ्याकडे फाईल आहे ते फोनवरून काढून ठेवा.

नियमांचा मसुदा राजपत्रात येतो तेव्हा 'हरकती व सूचना' मागवतात. केंद्राच्या २०१४ च्या धोरणानुसार कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवायला हवा. हे तीस दिवस वाया घालवू नका. कलम क्रमांक, आत्ताचे शब्द, तुम्हाला हवे असलेले शब्द, कारण, असा चार रकान्यांचा तक्ता पाठवा. नुसता निषेध पाठवलात तर तो 'अभिप्राय प्राप्त' या संख्येत मोजला जातो.

८. फाईलच्या मागे राहा

काही दिवसांनी पत्र येतं: "आपले निवेदन योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठविण्यात आले आहे." हा निर्णय नाही. त्या पत्राच्या कोपऱ्यात जावक क्रमांक असतो आणि खाली प्रत कोणाला पाठवली ते असतं. तोच तुमचा पुढचा पत्ता. तिथे फोन करून तुमच्या कागदाचा तिथला आवक क्रमांक घ्या. एका साध्या वहीत तारीख, कोणाशी बोललो, काय म्हणाले, पुढे कधी, एवढं लिहीत जा. लिपिकाची बदली झाली की ही वहीच कामाला येते.

पैसा लागणारी प्रत्येक मागणी वित्त विभागाकडे जाते. जीआरच्या शेवटी "वित्त विभागाच्या सहमतीने, अनौपचारिक संदर्भ क्रमांक..." अशी ओळ असते. तुमची फाईल तिथे गेली का, हाच विचारायचा प्रश्न. विभागाचा मंत्री "तत्त्वतः मान्य" म्हणाला आणि फाईल वित्तकडे गेलीच नाही, असं होतं. परत आली असेल तर कोणत्या शेऱ्याने आली ते माहिती अधिकारात मागता येतं.

शेवटी जीआर निघाला, तर पेढे वाटण्याआधी तो नीट वाचा. लागू कधीपासून? मागील थकबाकी आहे का? 'अटी व शर्ती'त नवीन काय घातलंय? वाढीव मानधन "उपलब्ध निधीच्या मर्यादेत" असेल तर प्रत्यक्ष निधीची लढाई अजून बाकी आहे. लेखा शाखेत जाऊन विचारा, "बीडीएसवर निधी आला का?" बीडीएस ही निधी वाटपाची सरकारी संगणक प्रणाली; निधी तिच्यावर दिसल्याशिवाय कोषागारात देयक जात नाही, मग जीआर कितीही छान असो. आल्यावर देयक कोणत्या तारखेला सादर केलं तेही विचारा, आणि संस्थेच्या खात्यात रक्कम आली की ती ज्यांच्या नावाची आहे त्यांच्या पासबुकात त्याच आठवड्यात चढली का, ते समितीतल्या कर्मचाऱ्यांकडून तपासून घ्या.